'ओपन द लाइट': चिनी विद्यार्थ्यांच्या इंग्रजीतला परत परत येणारा बिघाड कसा शोधायचा

चिनी विद्यार्थ्यांना किंवा ऑफिसातल्या चिनी सहकाऱ्यांना इंग्रजीत मदत करणारी बरीच मराठी मंडळी आहेत. कुणी ऑनलाइन शिकवतं, कुणी त्यांचे ईमेल दुरुस्त करून देतं. एक बिघाड सगळ्यांच्याच वाट्याला येतो. आज दुरुस्त करावा, पुढच्या आठवड्यात हजर. हा लेख फक्त त्याच्यासाठी.

लक्षणं

'प्लीज ओपन द लाइट.' 'क्लोज द टीव्ही.'
'सॉरी, माय फोन वॉज नॉट ओपन.'
'आय अ‍ॅम ओपनिंग अ मीटिंग, कॉल यू लेटर.'
'द डोअर इज ओपनिंग', आणि दार तासाभरापासून सताड उघडं.
'द सुपरमार्केट ओपन्स अंटिल टेन.'
'टुडे द बँक इज क्लोज.'
'टर्न ऑन इट.'
'माय सिस्टर इज व्हेरी ओपन.'

यातली तीन-चार वाक्यं एकाच माणसाकडे सापडली, तर वेगवेगळ्या आठ चुका समजू नका. मूळ एकच आहे. 'ओपन अ कार' म्हणणारा विद्यार्थी मात्र वेगळा. तो अगदी नवशिका असतो आणि 'ड्राइव्ह' शब्द आला की ती चूक आपोआप जाते. तिच्यामागे लागू नका.

मूळ कुठे आहे

चिनी भाषेत 'खाइ' नावाचं क्रियापद आहे. रोमन लिपीत ते 'क' च्या अक्षराने लिहितात, पण उच्चार आपला स्वच्छ 'ख', सूर उंच आणि सपाट. दार 'खाइ', दिवा 'खाइ', गाडी चालवणं 'खाइ', बैठक घेणं 'खाइ', डॉक्टरने औषध लिहून देणं 'खाइ', दुकानदाराने पावती फाडणं 'खाइ', शाळा सुरू होणं, फूल उमलणं, पाणी उकळणं, सगळीकडे 'खाइ'. जुन्या लिपीत या अक्षरात वर दाराची दोन फळकुटं आणि आत अडसर काढणारे दोन हात दिसतात. चीनने 1950-60 च्या दशकांत लिपी सोपी केली तेव्हा दार गेलं, फक्त आतला भाग राहिला. तैवान आणि हाँगकाँगमध्ये अजून दारासकट लिहितात.

याच्या उलट 'क्वान'. दार बंद करणं 'क्वान', दिवा मालवणं 'क्वान'.

हसू येत असेल तर आधी आपल्या 'लावणे'कडे बघा. दिवा लाव, टीव्ही लाव, कुकर लाव आणि दार लाव. पहिल्या तिन्हीत वस्तू चालू होते, चौथ्यात दार बंद होतं, आणि आपल्याला त्यात काहीच खटकत नाही. चिनी माणसाचं 'खाइ' निदान एका दिशेला तरी जातं.

म्हणजे विद्यार्थ्याला शब्द येत नाही असं नाही. त्याच्या भाषेत क्रियापद ठरलं की काम झालं, पुढे कोणतंही नाम चालतं. इंग्रजीत आधी नामाकडे बघावं लागतं आणि मग क्रियापद ठरतं. तुम्ही जितके वेळा 'ओपन नाही, टर्न ऑन' असं म्हणाल तितके वेळा तुम्ही क्रियापद दुरुस्त करताय. नाम तसंच राहतं, म्हणून चूक परत येते.

पहिली तपासणी: बिघाड आहे का?

ही फुकट आहे, म्हणून आधी. सिंगापूर, मलेशिया, फिलिपिन्स इथल्या रोजच्या बोलण्यात 'ओपन द लाइट' सर्रास ऐकू येतं. तिथे कुणाच्याही कपाळावर आठी पडत नाही. विद्यार्थ्याचं सगळं काम सिंगापूरच्या लोकांशी असेल, तर ही दुरुस्ती यादीत सगळ्यात खाली टाका. परीक्षा द्यायची असेल, लंडन-टोरँटोला जायचं असेल, तर पुढे वाचा.

दुसरं म्हणजे, काही ठिकाणी 'ओपन'च बरोबर असतं आणि शिक्षकच उगाच लाल रेघ मारतो. फाइल, अ‍ॅप, वेबसाइट, बँकखातं, पडदा, व्हॉल्व्ह हे सगळं 'ओपन'च होतं. 'ओपन द व्हॉल्व्ह'च्या जागी 'टर्न ऑन द व्हॉल्व्ह' लिहून देणारे मी पाहिलेत. त्यानंतर विद्यार्थी 'टर्न ऑन द विंडो' म्हणायला लागतो, आणि तो दोष त्याचा नसतो.

तिसरी गोष्ट स्वतःच्या घरातली. आपण 'ऑन द फॅन', 'ऑफ द लाइट' म्हणतो का? म्हणत असू, तर विद्यार्थ्यासमोर तेवढं आवरा. तो तुमचं पुस्तक ऐकत नाही, तुम्हाला ऐकतो.

दुसरी तपासणी: नाम

इथे पाच मिनिटं लागतात आणि निम्मा बिघाड इथेच सुटतो. विद्यार्थ्याला एकच प्रश्न विचारायला शिकवा: ही वस्तू उघडल्यावर आत जाता येतं का, किंवा आतलं काही दिसतं का? दार, डबा, डोळे, पुस्तक, फाइल, दुकान, खातं, सगळ्यांचं उत्तर हो. दिवा? आत काही नाही. पंखा, रेडिओ, वायफाय, ब्लूटूथ, नाही. मग 'टर्न ऑन'.

हा प्रश्न का महत्त्वाचा, ते पटवायचं असेल तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे काय येतं ते सांगा. 'आय ओपन्ड द टीव्ही' म्हटलं की इंग्रज माणसाला मागचे स्क्रू काढून टेबलावर पसरलेला टीव्ही दिसतो. 'माय फोन वॉज ओपन' म्हटलं की दुरुस्तीच्या दुकानातला फोन. मोठी माणसं हे चित्र विसरत नाहीत. नियम विसरतात.

लॅपटॉपवर मात्र थांबा, कारण तो दोन्हीकडचा आहे. 'ओपन युअर लॅपटॉप' म्हणजे झाकण वर करा, 'टर्न ऑन युअर लॅपटॉप' म्हणजे बटण दाबा. दोन्ही बरोबर, क्रिया दोन. कॅमेऱ्याचंही तसंच. फोनमधलं कॅमेऱ्याचं अ‍ॅप 'ओपन' होतं, पण व्हिडिओ कॉलवर तोंड दाखवायचं तर कॅमेरा 'टर्न ऑन' करायचा. नळाला पुस्तकी प्रश्न लावत बसू नका. 'टर्न ऑन द टॅप' शिकवा आणि 'ओपन' म्हटलं तरी सोडून द्या.

बैठकीला हा प्रश्न लागत नाही, ती वेगळी शिकवा. एका ईमेलमधली ओळ अशी होती: 'अ‍ॅट थ्री आय विल ओपन अ मीटिंग, माय फोन विल नॉट ओपन.' दुरुस्त केल्यावर: 'आय हॅव अ मीटिंग अ‍ॅट थ्री, सो माय फोन विल बी ऑफ.' यातलं 'ओपन अ मीटिंग' इंग्रजीत अस्तित्वात आहे, हीच पंचाईत. पण ते अध्यक्ष म्हणून सभेला सुरुवात करून देण्यासाठी. कनिष्ठ कर्मचाऱ्याने साहेबांना तसं लिहिलं तर साहेबांना वाटतं, हा कधीपासून अध्यक्ष झाला?

तिसरी तपासणी: वही आणि अ‍ॅप

अजून विशेष खर्च नाही. विद्यार्थ्याची शब्दांची वही मागवा. चिनी शाळा-कॉलेजातली मुलं प्रवेशपरीक्षेसाठी आणि कॉलेजच्या इंग्रजी परीक्षेसाठी शब्दांच्या याद्या पाठ करतात. त्यावर त्यांचाच जुना विनोद आहे: वर्णक्रमाने लावलेल्या यादीतला पहिला शब्द 'अबॅन्डन', म्हणजे सोडून देणं, आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात. जे पुढे जातात त्यांच्या वहीत 'ओपन'समोर एकच चिनी शब्द असतो: 'ता-खाइ'. आणि 'टर्न ऑन'समोर? तिथेही 'ता-खाइ'. रोजच्या चिनीत तो दाराला चालतो आणि टीव्हीलाही. वही म्हणते दोन्ही एकच, मग मुलगा छोटा शब्द उचलतो. यात त्याचं काय चुकलं?

इलाज सोपा आहे. त्या दोन ओळी खोडा आणि सुट्या शब्दांऐवजी नामासकट जोड्या लिहायला लावा: 'टर्न ऑन द लाइट', 'ओपन द विंडो', 'स्टार्ट द कार', 'हॅव अ मीटिंग', 'इश्यू अ रिसीट'. अर्थ लिहायचाच असेल तर पूर्ण वाक्याचा लिहा. मोबाइलमधला शब्दकोश एका शब्दाला एकच अर्थ देणारा असेल, तर विद्यार्थ्यांसाठी बनवलेला, उदाहरणं देणारा इंग्रजी शब्दकोश घ्यायला सांगा. ही तपासणी टाळली तर पुढचं सगळं वाळूवर, कारण रोज रात्री ती वहीच पुन्हा पाठ होत असते.

चौथी तपासणी: घडतंय की आहे?

खरी मेहनत इथून. 'द डोअर इज ओपनिंग' ही चूक चांगलं इंग्रजी येणाऱ्यांच्याही तोंडी टिकून राहते, आणि कारण व्याकरणाच्या पोटात आहे.

चिनीत 'मन खाइ-च' म्हणजे दार उघडं आहे. 'मन' म्हणजे दार, आणि शेवटचा छोटासा 'च' सांगतो की ही स्थिती टिकून आहे. शाळेत मुलांना ढोबळपणे सांगितलेलं असतं, 'च' दिसला की इंग्रजीत 'आयएनजी'. 'तो हसत बोलतो' अशा वाक्यांना ते लागू पडतं. दाराला लावलं की घोटाळा, कारण 'इज ओपनिंग' म्हणजे दार या क्षणी हलतंय. आपल्याला मराठीत हा फरक आयता मिळालाय: उघडं आहे, उघडतंय. विद्यार्थ्याला तो नाही.

मी विचारतो ते प्रश्न असे. हे किती वेळ असंच राहू शकतं? तासभर? मग 'इज ओपन', 'इज ऑन'. घड्याळातली एकच नेमकी वेळ सांगता येते? मग 'ओपन्स'. आत्ता डोळ्यांसमोर हलतंय? मगच 'इज ओपनिंग'. दुकानावर घासून घ्या, कारण दुकानाला पहिल्या दोन्ही गोष्टी लागतात:

'द शॉप ओपन्स अ‍ॅट नाइन.' नऊला कुलूप निघतं.
'द शॉप इज ओपन अंटिल टेन.' दहापर्यंत चालू राहतं.

'ओपन्स अंटिल टेन' म्हटलं तर सकाळपासून रात्री दहापर्यंत शटर वरच चाललंय, असं काहीतरी होतं. 'अंटिल' आणि 'फ्रॉम-टू' दिसले की 'इज ओपन', हा एक नियम पाठ करून घेतला तरी चालेल. सगळे नियम वाईट नसतात.

आता उलट बाजू. 'ओपन' हे क्रियापदही आहे आणि विशेषणही, रूप तेच. विद्यार्थ्याला वाटतं 'क्लोज'चंही तसंच असणार. नसतं. विशेषण 'क्लोज्ड' आहे. 'ज'चा 'स' करून 'क्लोस' म्हटलं की अर्थ 'जवळ'. 'द बँक इज क्लोस' ऐकून माणूस खूश होऊन चालत निघेल, आणि पुढे कुलूप. चिनी बोलणाऱ्यांना शब्दाच्या शेवटचा 'ज्ड' काढणं अवघड जातं, कारण त्यांच्या भाषेत शब्दाचा शेवट असा व्यंजनांच्या गर्दीत होत नाही. म्हणून चूक ऐकू आली तर आधी लिहून घ्या. कागदावर 'क्लोज्ड' बरोबर असेल तर हा उच्चाराचा प्रश्न आहे, व्याकरणाचा नाही, आणि व्याकरणाचा तास वाया घालवू नका.

पाचवी तपासणी: 'टर्न इट ऑन'

विद्यार्थी आता 'टर्न ऑन द लाइट' बरोबर म्हणतो. मग तुम्ही विचारता, दिवा लावलास का, आणि तो म्हणतो 'येस, आय टर्न्ड ऑन इट'. सर्वनाम मधे घ्यावं लागतं आणि ते त्याला खटकतं. चिनी माणसं अशी दोन तुकड्यांची क्रियापदं एकूणच टाळतात आणि एकशब्दी 'ओपन'कडे परत पळतात. म्हणून ही तपासणी झाल्याशिवाय मूळ बिघाड जात नाही.

त्यांच्याच भाषेतला एक पूल आहे. चिनीत 'पा' लावून वस्तू क्रियापदाच्या आधी आणता येते: 'पा था ता-खाइ', म्हणजे 'ते चालू कर'. तिथे 'था', म्हणजे 'ते', पुढे सरकतं. इंग्रजीतही 'इट' पुढे सरकतं, फक्त पूर्ण पुढे न जाता मधे थांबतं. हे सांगितलं की प्रौढ विद्यार्थ्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळतं. लहान मुलांना सांगू नका. त्यांच्यासाठी दिवा, पंखा, टॅब्लेट समोर ठेवा आणि 'टर्न इट ऑन, टर्न इट ऑफ' करत हात चालवू द्या. याला आठवडे लागतात. एका तासात होत नाही, आणि एका तासाच्या पैशात करून देतो असं म्हणू नका.

किरकोळ

बहीण 'ओपन' आहे म्हणजे काय? चिनीत मनमोकळ्या, हसऱ्या माणसाला 'खाइ-लांग' म्हणतात, आणि जुन्या बंधनांना न मानणाऱ्याला 'खाइ-फांग'. दुसरा शब्द स्त्री-पुरुष संबंधांकडेही झुकतो. 1978 नंतरच्या 'सुधारणा आणि खुलेपणा'च्या धोरणात हाच 'खाइ-फांग' आहे, पण बहिणीबद्दल बोलताना जपून. 'आउटगोइंग' शिकवा आणि पुढे चला.

उकळलेलं पाणी 'खाइ-श्वै'. म्हणून रेल्वेत, दवाखान्यात गरम पाण्याच्या नळावर 'ओपन वॉटर' अशा पाट्या दिसायच्या, ज्याचा इंग्रजी अर्थ मोकळा समुद्र. सार्वजनिक ठिकाणच्या इंग्रजी पाट्यांसाठी चीनने राष्ट्रीय मानक काढलं, ते 1 डिसेंबर 2017 पासून लागू आहे. विद्यार्थ्याने जुन्या पाटीचा फोटो पुरावा म्हणून दाखवला तर एवढं सांगा.

कुठे थांबायचं

एक: समोरचा माणूस साठीचा आहे, नातवंडांशी बोलण्यापुरतं इंग्रजी हवंय, आणि 'ओपन द लाइट' म्हटलं की नातवंडं दिवा लावतात. थांबा. हा बिघाड नाही.

दोन: दवाखाना. चिनीत शस्त्रक्रियेला 'खाइ-ताव' म्हणतात, शब्दशः सुरी उघडणं, आणि औषध लिहून देण्याला 'खाइ-याव'. विद्यार्थी आईच्या ऑपरेशनचे कागद इंग्रजीत करून मागायला आला तर 'बघू दे जरा' म्हणू नका. वैद्यकीय दुभाषा हा वेगळा पेशा आहे. हॉस्पिटलला तो मागता येतो.

तीन, आणि इथे खरोखर हात वर करा: यंत्रांची माहितीपुस्तकं. चाकण-भोसरीच्या कारखान्यांत चिनी यंत्रं आहेत आणि त्यांच्याबरोबर आलेलं इंग्रजी कुणीतरी 'जरा सुधारून' द्या म्हणतं. विजेच्या इंग्रजीत 'ओपन'चा अर्थ आपल्या रोजच्या समजुतीच्या नेमका उलटा आहे. स्विच 'ओपन' म्हणजे संपर्क तुटला, प्रवाह बंद. स्विच 'क्लोज्ड' म्हणजे संपर्क जुळला, प्रवाह चालू. आता असं वाक्य घ्या: 'क्लोज द स्विच बिफोर रिमूव्हिंग द कव्हर.' लिहिणाऱ्या चिनी माणसाच्या डोक्यात 'क्वान' होतं, म्हणजे वीज बंद करा आणि मग झाकण काढा. वाचणाऱ्या वायरमनच्या शिक्षणानुसार अर्थ होतो, वीज चालू करा आणि मग झाकण काढा. इंग्रजी व्याकरण निर्दोष आहे. तुमची लाल रेघ इथे पडणारच नाही, आणि तेच धोक्याचं.

गंमत म्हणजे चिनी इलेक्ट्रिशियन स्वतः ब्रेकरबद्दल बोलताना 'खाइ-क्वान' या जोडीवर विसंबत नाहीत. त्यांच्याकडे 'ह', म्हणजे जुळवणं, आणि 'फन', म्हणजे वेगळं करणं, अशी स्वच्छ जोडी आहे, आणि ब्रेकरवर तीच अक्षरं छापलेली असतात. घोटाळा होतो तो माहितीपुस्तक लिहिणारा इलेक्ट्रिशियन नसला की.

अशा वेळी तांत्रिक अनुवादक लागतो, आणि त्याच्या शेजारी ते यंत्र चालवणारा विद्युत अभियंता. त्यांच्याकडे नुसतं इंग्रजी पाठवू नका, त्यावरून मूळ हेतू कळणार नाही. मूळ चिनी पान पाठवा, आणि पॅनेलचा असा फोटो ज्यात प्रत्येक ब्रेकरवरची अक्षरं किंवा उभी रेघ आणि वर्तुळाची खूण स्पष्ट वाचता येईल. त्यांचं उत्तर येईपर्यंत त्या पानाची इंग्रजी प्रत यंत्रावर चिकटवू देऊ नका.